व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगलमधील संचबांधणी

व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल या संग्राह्य पत्त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडू डावाला बसण्यापूर्वीच स्वतःचा पत्त्यांचा संच तयार करून आणतो. उपलब्ध हजारो पत्त्यांतून कोणते निवडावयाचे, प्रत्येकाच्या किती प्रती घ्यावयाच्या आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण काय ठेवावयाचे, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला संचबांधणी म्हणतात. मेंढीकोट किंवा ब्रिज यांसारख्या ठरलेल्या ५२ पत्त्यांच्या खेळांत खेळाडूचे कौशल्य पत्ते वाटून झाल्यावर सुरू होते. येथे ते त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि डावाचा निकालही पुष्कळदा तेथेच अर्धाअधिक ठरतो.

इतर संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतील ठोकताळे या खेळाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. याचे मुख्य कारण असे की, येथे खेळाडूचे प्राण आणि त्याचा पैसा ही एकच गोष्ट आहे. तिला पूल म्हणतात. व्हॅम्पायर मैदानात आणावयाचा तर पूल खर्चावा लागतो आणि पूल शून्यावर आला की खेळाडू बाद होतो. म्हणजे बळ वाढवण्याची प्रत्येक कृती मृत्यू थोडा जवळ आणते. चांगला संच हा या व्यवहाराचा आधीच करून ठेवलेला हिशेब असतो.

पार्श्वभूमी

या खेळाचा रचनाकार रिचर्ड गारफील्ड हा अमेरिकन गणितज्ञ आहे. १९९३ मध्ये आलेला मॅजिक: द गॅदरिंग हा खेळही त्याचाच. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९४ मध्ये प्रस्तुत खेळ ‘जिहाद’ या नावाने प्रकाशित केला. खेळाचे कथाविश्व व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेच्या व्हॅम्पायर: द मास्करेड (१९९१) या भूमिकाभिनयाच्या खेळातून घेतले आहे. त्या कथाविश्वात अतिप्राचीन व्हॅम्पायर आपल्या तरुण वंशजांना प्यादी करून परस्परांविरुद्ध जे गुप्त युद्ध खेळतात, त्याला हे नाव होते. शब्दाला असलेला धार्मिक संदर्भ लक्षात घेऊन १९९५ मध्ये खेळाला आजचे नाव देण्यात आले.

२००० पासून व्हाइट वुल्फने हा खेळ स्वतःकडे घेतला. २०१० मध्ये छपाई थांबली, परंतु खेळाडूंच्या संघटनेने स्पर्धा चालू ठेवल्या आणि काही नवे पत्ते विनामूल्य डिजिटल स्वरूपात उपलब्ध करून दिले. २०१८ मध्ये ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्स या कंपनीने प्रकाशन पुन्हा सुरू केले व २०२० मध्ये पाचवी आवृत्ती आली.

या इतिहासाचे दोन परिणाम संचबांधणीवर झाले. जुने पत्ते आजही वापरता येत असल्याने निवडीचा आवाका फार मोठा आहे. जिहाद छापाच्या पत्त्यांची मागची बाजू नंतरच्या पत्त्यांपेक्षा वेगळी असल्यामुळे दोन्ही एकत्र वापरताना अपारदर्शक वेष्टने घालावी लागतात. दुसरा परिणाम खर्चाचा. मॅजिकमध्ये सर्वसाधारणपणे एका पत्त्याच्या ४ प्रतींची मर्यादा असते; येथे तशी मर्यादा मुळातच नाही. त्यामुळे बंद पुडक्यांतून विरळ पत्ते नशिबाने मिळवण्याच्या काळात एकाच विरळ पत्त्याच्या ८ किंवा १० प्रती जमवणे सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर होते. पाचव्या आवृत्तीतील संच ठरलेल्या पत्त्यांचे असल्याने ही अडचण बरीच कमी झाली आहे.

डावाची चौकट

डाव साधारणतः ५ जणांत खेळला जातो. प्रत्येकाजवळ आरंभी ३० पूल असतो. डावीकडे बसलेला खेळाडू हा आपले सावज आणि उजवीकडचा हा आपला शिकारी. सावज बाद झाले की त्याच्या शिकाऱ्याला १ विजयगुण आणि ६ पूल मिळतो, मग तो घाव प्रत्यक्षात कोणीही घातलेला असो. बाद झालेल्याचे सावज हे पुढचे सावज बनते आणि वर्तुळ लहान होत जाते. शेवटपर्यंत टिकणाऱ्यास आणखी १ विजयगुण मिळतो. स्पर्धेत डावाला २ तासांची मुदत असते. मुदत संपताना जे उरले असतील त्यांना प्रत्येकी अर्धा गुण मिळतो. डाव जिंकला असे मानण्यासाठी किमान २ विजयगुण आणि इतर सर्वांपेक्षा अधिक गुण, या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. नुसते तग धरून बसणारा संच म्हणून सहसा जिंकत नाही.

प्रत्येक संचाचे दोन भाग असतात. क्रिप्टमध्ये व्हॅम्पायर असतात आणि त्यांची संख्या किमान १२ असावी लागते. लायब्ररीत बाकीचे सर्व पत्ते असतात. ते ६० ते ९० असावेत असा नियम आहे.

व्हॅम्पायर व इतर हस्तक आपल्या पाळीत कृती करतात. त्यांतली सर्वांत मूलभूत कृती म्हणजे ब्लीड, अर्थात सावजाचा पूल थेट कमी करणे. कृती करणारा पत्ता आडवा केला जातो आणि आडवा पत्ता पुढच्या पाळीपर्यंत सहसा कोणाला अडवू शकत नाही. जो पुढे हल्ला करतो त्याची पाठ उघडी पडते, असा याचा सरळ अर्थ. कृती अडवली जाईल की नाही हे करणाऱ्याची गुप्तता आणि अडवणाऱ्याची टेहळणी यांच्या तुलनेवर ठरते. टेहळणी गुप्ततेइतकी किंवा अधिक असेल तर कृती अडते आणि लढत होते. ब्लीडला मुळात गुप्तता शून्य असते, म्हणून पत्त्यांची मदत नसताना कोणताही उभा हस्तक ती रोखू शकतो.

क्रिप्टची निवड

संचाची बांधणी क्रिप्टपासून करावी, हा अनुभवी खेळाडूंचा सर्वसाधारण प्रघात आहे. लायब्ररीतील बहुतेक प्रभावी पत्त्यांना विशिष्ट विद्या लागते. डॉमिनेट, ऑबफस्केट, ऑस्पेक्स, प्रेझेन्स, पोटन्स, ॲनिमलिझम या त्यांपैकी काही. प्रत्येक व्हॅम्पायरला ठरावीक विद्या प्राथमिक किंवा वरच्या पातळीवर अवगत असतात. मैदानात आलेल्या व्हॅम्पायरला लागणारी विद्याच नसेल तर हातातील उत्तम पत्ताही निव्वळ कागद ठरतो. त्यामुळे दोन किंवा फार तर तीन विद्या ठरवून त्या जवळजवळ सर्वांमध्ये समान असतील असे व्हॅम्पायर निवडले जातात. यात गटांचा नियम आड येतो. प्रत्येक व्हॅम्पायरला गटक्रमांक असतो आणि क्रिप्टमधील सर्व व्हॅम्पायर एकाच किंवा लागोपाठच्या दोन गटांतील असावे लागतात.

आरंभी क्रिप्टमधून ४ पत्ते मिळतात. एखाद्या विशिष्ट व्हॅम्पायरवरच संपूर्ण संच उभा असेल तर त्याच्या किती प्रती ठेवाव्यात, हा प्रश्न गणिताने सोडवता येतो. १२ पत्त्यांच्या क्रिप्टमध्ये एकच प्रत असेल तर ती पहिल्या चारांत येण्याची शक्यता ३३ टक्के असते. दोन प्रतींनी ती सुमारे ५८, तीन प्रतींनी ७५, चार प्रतींनी ८६ आणि पाच प्रतींनी ९३ टक्के होते. परंतु बहुतेक व्हॅम्पायर अद्वितीय असल्याने एक प्रत मैदानात आली की त्याच खेळाडूच्या बाकीच्या प्रती निरुपयोगी ठरतात. सुरुवातीच्या चारांपैकी दोन-तीन जागा त्यांनीच अडवल्या तर दुसरा व्हॅम्पायर कोठून आणावयाचा, ही पंचाईत होते. नवा क्रिप्टपत्ता घेण्यास पाळीतील चारही हस्तांतरणे आणि वर १ पूल द्यावा लागतो. म्हणून एका नायकावर विसंबणारे संचही बहुधा चार किंवा पाच प्रतींवर थांबतात. तोच अद्वितीय व्हॅम्पायर समोरच्या खेळाडूनेही आणला, तर दोघांनाही तो हक्क टिकवण्यासाठी दर पाळीस १ पूल मोजावा लागतो.

क्षमतेची निवड ही वेळेची निवड आहे. पाळीत साधारणपणे ४ हस्तांतरणे मिळतात, म्हणजे ४ पूल व्हॅम्पायरकडे वळवता येतो. पहिल्या फेरीत मात्र पहिल्या खेळाडूला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ आणि पुढच्यांना ४ हस्तांतरणे मिळतात. ८ क्षमतेचा व्हॅम्पायर पाचव्या खेळाडूला दुसऱ्या पाळीत उभा करता येतो, तर पहिल्या खेळाडूला त्यासाठी तिसरी पाळी उजाडते. शिवाय व्हॅम्पायर पाळीतील कृतींच्या टप्प्यानंतर मैदानात येत असल्याने त्याची पहिली कृती त्यानंतरच्या पाळीत होते. ३ क्षमतेचे पाच व्हॅम्पायर आणि ८ क्षमतेचे दोन यांचा खर्च अनुक्रमे १५ व १६, म्हणजे जवळपास सारखाच आहे. पहिल्या निवडीत पाच कृती मिळतात, पण विद्या तोकड्या असतात. दुसऱ्या निवडीत कृती दोनच, मात्र प्रत्येक कृती जबर आणि सोबत पदवी असल्यास मतदानात वजन.

लायब्ररी आणि हाताचा प्रवाह

हातात ७ पत्ते असतात आणि एक पत्ता खेळताच त्याच्या जागी लगेच नवा पत्ता उचलला जातो. हा नियम वरवर साधा वाटला तरी संचबांधणीचे निम्मे शास्त्र त्यात सामावलेले आहे. खेळता येणारे पत्ते हातात असतील तर एका कृतीतच चार-पाच नवे पत्ते दिसतात. खेळता न येणारे असतील तर ते तसेच पडून राहतात, कारण पाळीअखेर केवळ एकच पत्ता टाकून देण्याची मुभा असते. हात असा तुंबला की उत्तम संचही हतबल होतो. सातपैकी पाच पत्ते अडवण्याच्या कामाचे असून शिकारी हल्लाच करीत नाही, किंवा हातात लढाईचेच पत्ते आहेत आणि कोणी लढतच नाही, ही दृश्ये नवख्यांच्या डावांत नित्याची आहेत.

प्रतींवर मर्यादा नसूनही खेळ कोलमडत नाही, तो याच नियमामुळे. एखाद्या पत्त्याच्या ३० प्रती घालणाऱ्याला कोणी अडवत नाही; पण त्या पत्त्याला जोडीची जी परिस्थिती लागते ती तितक्या वेळा उद्भवली नाही तर त्या प्रती हात तुंबवण्याचेच काम करतात. म्हणून पत्त्यांची निवड करताना ‘हा पत्ता किती चांगला आहे’ यापेक्षा ‘तो प्रत्येक पाळीत किती वेळा खेळता येईल’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

मास्टर पत्त्यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. हे पत्ते हस्तक नव्हे तर खेळाडू स्वतः खेळतो आणि पाळीत सहसा एकच खेळता येतो. ९० पत्त्यांच्या लायब्ररीत १८ मास्टर असतील तर पहिल्या हातात सरासरी १.४ मास्टर येतात आणि सुमारे पाचांतून एका डावात एकही येत नाही. ही संख्या ३० केली तर सरासरी २.३ पर्यंत जाते आणि तेव्हापासून त्यांची रांग लागते. द पार्थेनॉनसारखा पत्ता पाळीत एक अधिक मास्टर खेळू देतो; त्याच्या बळावर उभारलेले संच या सर्वसाधारण प्रमाणाला अपवाद असतात.

६० पत्ते घ्यावेत की ९०, यावर मतभेद आहेत. लहान लायब्ररीत मोजके निर्णायक पत्ते लवकर हाती येतात. परंतु झपाट्याने पत्ते खर्चणाऱ्या संचाची लायब्ररी डाव संपण्यापूर्वी रिकामी होऊ शकते आणि त्यानंतर नवे पत्ते मिळत नाहीत. लढाईचे व गुप्त ब्लीडचे संच ९० च्या जवळ ठेवण्याची प्रथा आहे, ती यासाठीच. साहाय्यक आणि उपकरणे मैदानात मांडून सावकाश खेळणाऱ्या संचाला ६० ते ७० पुरतात.

पूलचा हिशेब

३० पैकी किती खर्चावयाचा, याला ठरलेले उत्तर नाही. डावाच्या पहिल्या टप्प्यात १५ ते २० पूल व्हॅम्पायरांवर खर्च करणारा खेळाडू १० ते १५ वर उभा असतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ते अंतर दोन-तीन फटक्यांचेच असते. यासाठी खर्च झालेला पूल परत मिळवण्याची सोय संचातच करावी लागते. ब्लड डॉल हा मास्टर पत्ता व्हॅम्पायरवरचे रक्त दर पाळीस एकेक करून पूलमध्ये आणतो. मिनियन टॅप एकाच वेळी हवे तितके रक्त काढून घेतो. मोठ्या क्षमतेच्या व्हॅम्पायरवर त्याचा लाभ अधिक. त्यानंतर तो व्हॅम्पायर रिकामा होतो आणि शिकार करून पुन्हा रक्त मिळवण्यात त्याच्या कृती खर्ची पडतात, ही त्याची किंमत. पूल वाढवण्याच्या साधनांनी संच भरून टाकणे हा नवशिक्यांचा आवडता मोह आहे. असा संच मरत नाही हे खरे, पण कोणाला मारतही नाही.

खर्च टाळण्याचा मार्ग पत्त्यांतूनही निघतो. डॉमिनेट विद्येतील गव्हर्न द अनअलाइन्ड हा पत्ता प्राथमिक पातळीवर २ ने वाढीव ब्लीड देतो. वरच्या पातळीवर तोच पत्ता मैदानाबाहेर थांबलेल्या, कमी क्षमतेच्या व्हॅम्पायरवर पतपेढीतून ३ रक्त ठेवतो. म्हणजे आरंभी तो ३ पूल वाचवतो आणि उत्तरार्धात हल्ला करतो. कोणत्याही टप्प्यावर हातात न तुंबणारा पत्ता म्हणून त्याची ख्याती आहे आणि डॉमिनेटच्या वर्चस्वाबद्दल होणाऱ्या तक्रारींचे तो एक प्रमुख कारणही आहे.

संचांचे प्रचलित प्रकार

पूल कमी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत: ब्लीड, मतदान आणि काही थेट हानी करणारे पत्ते. संचांचे प्रकार या मार्गांवरून आणि त्यांना दिलेल्या आधारावरून पडतात.

गुप्त ब्लीडचा संच हा सर्वांत जुना आणि सर्वांत सरळ प्रकार. त्याचे आदिरूप म्हणजे १९९४ च्या पहिल्या पत्त्यांतील मालकेवियन वंशाचा संच. तो आजही ‘मालकेवियन ९४’ याच नावाने ओळखला जातो. या वंशाच्या तत्कालीन व्हॅम्पायरांना डॉमिनेट, ऑबफस्केट आणि ऑस्पेक्स या तीन विद्या होत्या: एक ब्लीड वाढवण्यासाठी, दुसरी गुप्ततेसाठी, तिसरी बचावासाठी. मूळच्या १ ब्लीडमध्ये गव्हर्न द अनअलाइन्डचे २ आणि वरच्या पातळीवरील कंडिशनिंगचे ३ मिळवले की एकाच कृतीत ६ पूल जातो. लॉस्ट इन क्राउड्स आणि क्लोक द गॅदरिंग ही कृती अडवू देत नाहीत. ज्याने मैदान मांडण्यात १८ पूल खर्चून १२ शिल्लक ठेवला आहे, तो असे दोन फटके बसताच बाद होतो.

या संचात प्रमाण हेच सर्वस्व आहे. प्रत्येक कृतीसाठी एक ब्लीडची कृती, एक वाढीचा पत्ता आणि एक ते दोन गुप्ततेचे पत्ते लागतात, हे गृहीत धरून प्रती ठरवल्या जातात. गुप्तता कमी पडली तर हातात ब्लीडचे पत्ते साचतात. अधिक झाली तर कृती यशस्वी होतात, पण १ पूलचेच ओरखडे निघतात.

त्याचे खरे दुखणे मात्र गुप्ततेने बरे होत नाही. डिफ्लेक्शन हा डॉमिनेटचा किंवा टेलिपॅथिक मिसडायरेक्शन हा ऑस्पेक्सचा पत्ता सावजाच्या हातात असला, तर तो ब्लीड अडवत नाही, दुसऱ्या खेळाडूकडे वळवतो. बहुधा तो वळवला जातो सावजाच्या सावजाकडे. त्या फटक्याने तो बाद झाला तर विजयगुण आणि ६ पूल मिळतो तो सावजाला. म्हणजे स्वतःच्याच पत्त्यांनी आपण आपल्या सावजाला सशक्त करतो. ३ पेक्षा अधिक ब्लीड करणाऱ्या व्हॅम्पायरला थेट नष्ट करणारा आर्कन इन्व्हेस्टिगेशन हा मास्टर पत्ताही याच वर्गासाठी काढलेला आहे. म्हणून जाणता खेळाडू आधी १ किंवा २ चा ब्लीड करून सावजाचा अंदाज घेतो. असा अंदाज घेण्यास लागणाऱ्या जास्तीच्या कृती संचात आहेत का, हा बांधणीच्याच वेळचा प्रश्न आहे.

मतदानाचा संच पदवीधर व्हॅम्पायरांवर उभा असतो. कॅमारिला पंथात प्रायमोजेनला १, प्रिन्सला २, जस्टिकारला ३ आणि इनर सर्कलच्या सदस्याला ४ मते असतात. काइन रिसोर्सेस कंटेस्टेड हा ठराव मंजूर झाला की ४ पूलची हानी किमान दोन खेळाडूंमध्ये वाटता येते. ठरावाला मुळातच १ गुप्तता असते, त्यामुळे गुप्ततेचे पत्ते तुलनेने कमी लागतात. मात्र कोणा विशिष्ट खेळाडूविरुद्ध नसलेली कृती असल्याने ती सावज आणि शिकारी दोघेही अडवू शकतात. टेबलावर दुसरा तुल्यबळ मतदार बसला तर या संचाचा निम्मा हात तुंबतो. म्हणून त्यात प्रेझेन्सच्या आधारे ब्लीडचीही जोड ठेवतात. या संचाचा दुर्लक्षित गुण असा की, हानीचा एक वाटा कोणाला द्यावयाचा हे आयत्या वेळी ठरवता येत असल्याने वाटाघाटीत त्याच्या मालकाचे पारडे जड राहते.

लढाईचे संच नवख्यांना सर्वाधिक आकर्षित करतात आणि सर्वाधिक निराशही करतात. पोटन्सधारी व्हॅम्पायरने इमॉर्टल ग्रॅपल खेळून समोरच्याला निसटू न देता मूर्च्छित करावे, हे दृश्य परिणामकारक असते. परंतु व्हॅम्पायर मूर्च्छित झाल्याने त्याच्या मालकाचा पूल एकानेही कमी होत नाही. सावजाचे सर्व हस्तक आडवे पाडले आणि हातात ब्लीडचा एकही पत्ता नाही, तर बाद करण्यास इतका काळ लागतो की तेवढ्यात मागचा शिकारी आपले काम उरकतो. शिवाय मॅजेस्टीसारखा लढत संपवणारा एकच पत्ता वेळीच आला, तर तीन-चार पत्त्यांची गुंतवणूक वाया जाते. यशस्वी लढाऊ संचांत म्हणून लढाईचे पत्ते अपेक्षेपेक्षा कमी आणि पूलवर घाव घालणारे पत्ते अपेक्षेपेक्षा अधिक आढळतात.

तटबंदीचे संच याच्या उलट टोकाला असतात. रेव्हन स्पायसारखे साथीदार आणि कॅट्स गायडन्ससारखे प्रतिक्रियेचे पत्ते यांच्या जोरावर ते जवळपास प्रत्येक कृती अडवतात. त्यांचा शत्रू घड्याळ आहे. २ तासांत किमान २ विजयगुण कसे मिळवावयाचे, याचे उत्तर बांधणीतच नसेल तर बहुतेक डाव अर्ध्या गुणावर संपतात. कमी क्षमतेच्या व्हॅम्पायरांचे झुंडीचे संच, साहाय्यकांवर चालणारे संच आणि थोडेथोडे सर्व काही बाळगणारे मिश्र संच हेही नियमित दिसतात. मिश्र संच बांधणे सर्वांत अवघड, कारण कोणत्याही क्षणी सातपैकी निदान तीन-चार पत्ते उपयोगी असतील अशी वीण त्यात बसवावी लागते.

पाठ राखणे

संच कितीही आक्रमक असला तरी उजवीकडे शिकारी बसलेला असतोच. बचावासाठी किती पत्ते द्यावेत, हा बहुधा बांधणीतील सर्वांत अप्रिय निर्णय असतो. कारण बचावाचा प्रत्येक पत्ता हल्ल्याच्या एका पत्त्याची जागा घेतो. स्वस्त उपाय म्हणजे वळवण्याचे पत्ते आणि त्यांच्या जोडीला आडव्या व्हॅम्पायरला प्रतिक्रिया देऊ देणारे वेक विथ ईव्हनिंग्ज फ्रेशनेस किंवा ऑन द क्वी वीव यांसारखे पत्ते. या दोहोंची संख्या परस्परांशी जुळती ठेवावी लागते. जागे करणारा पत्ता हातात आहे पण वळवणारा नाही, किंवा याच्या उलट, अशी स्थिती पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष नशिबाचा नसून प्रमाणाचा असतो.

ज्या वंशांना डॉमिनेट किंवा ऑस्पेक्स नाही त्यांच्यापुढे पर्याय कमी असतात. नॉसफेराटूंना ॲनिमलिझमची टेहळणी आहे. ब्रूहांना सेलेरिटी, पोटन्स आणि प्रेझेन्स या तीन विद्यांत वळवण्याची सोय नाही. त्यांचे संच बहुधा शिकाऱ्याच्या एखाद्या हस्तकावर मागे फिरून वार करून धाक बसवण्यावर विसंबतात. हा बचाव खर्चिक आहे. मागे वळलेली प्रत्येक कृती पुढच्या सावजाला श्वास घेऊ देते.

वाटाघाटी आणि बसण्याचा क्रम

टेबलावर उघडपणे करार करणे हा या खेळाचा मान्य भाग आहे. दोन घरे पलीकडे बसलेला खेळाडू ना आपले सावज ना शिकारी; त्याचे हित कधी आपल्याशी जुळते, कधी नाही. ही गोष्ट बांधणीतही विचारात घ्यावी लागते. दुसऱ्या पाळीतच सर्वांना धडकी भरवणारा संच आपल्याविरुद्ध एकी घडवतो. ज्याचे सामर्थ्य मैदानात दिसत नाही, हातातच राहते, त्याला अधिक मोकळीक मिळते. मूर्च्छित व्हॅम्पायर सोडवणे किंवा हानीचा वाटा दुसरीकडे देणे यांसारखी, इतरांना देऊ करता येईल अशी एखादी सेवा संचात असली तर करारांना आधार मिळतो. स्पर्धेत मात्र प्रत्येकाने जिंकण्यासाठीच खेळले पाहिजे असा दंडक आहे. एखाद्याला फुकट विजयगुण बहाल करणारा करार नियमबाह्य ठरतो.

बसण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरत असल्याने शिकारी कोण असेल हे बांधताना कळत नाही. एखाद्या विशिष्ट प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करणारे पत्ते म्हणून मोजकेच घ्यावेत, असे मानले जाते. ठराव रोखणारा डिलेइंग टॅक्टिक्स मतदार नसलेल्या टेबलावर पडून राहतो. त्याच्या एक-दोन प्रती ठेवणे हा विमा आहे, पाच-सहा ठेवणे हा जुगार.

चाचणी

नव्या संचाची पहिली चाचणी एकट्यानेही करता येते. पत्ते पिसून क्रिप्टचे ४ आणि लायब्ररीचे ७ पत्ते उचलावेत, पहिल्या चार-पाच पाळ्या प्रतिस्पर्धी गृहीत धरून खेळाव्यात आणि कितव्या पाळीत पहिली परिणामकारक कृती होते, त्या वेळी किती पूल उरतो, कोणता पत्ता हातात अडकून राहतो, एवढ्या तीन नोंदी ठेवाव्यात. दहा-बारा वेळा असे केल्यावर तोच पत्ता पुन्हा पुन्हा अडकत असल्याचे दिसले तर त्याच्या प्रती कमी कराव्यात. तो पत्ता आवडता असला तरी. अशा एकाकी चाचणीत प्रवाहाचे दोष उघडे पडतात. ब्लीड वळवला गेला, शिकारी अनपेक्षितपणे बलवान निघाला किंवा दोघांनी आपल्याविरुद्ध संगनमत केले तर काय, हे मात्र चार माणसे समोर बसल्यावरच कळते. एका वेळी तीन-चारांहून अधिक पत्ते बदलू नयेत असाही संकेत आहे, कारण त्यापेक्षा जास्त बदल केल्यास सुधारणा नेमकी कशाने झाली हे ओळखता येत नाही.